भूकंप झाला तर मुंबईखालच्या गाळाला काय विचारायचं?

वडाळ्याला, खाडीकडच्या अंगाला, एका चार मजली इमारतीच्या आवारात आमचं बोअर चालू होतं. इमारत रीडेव्हलपमेंटला निघालेली, म्हणून माती तपासणी. तिपाई उभी केलेली, वरून दोर, दोराला लोखंडी वजन. ते वर जायचं, पडायचं, ठण्ण व्हायचं, आणि ड्रिलर ठोके मोजायचा. पहिल्या मजल्यावरच्या आजी दर अर्ध्या तासाने गॅलरीत येऊन विचारायच्या, ‘‘काय रे, पाणी लागलं का?’’

‘‘आजी, ही बोअरवेल नाही. खाली माती कशी आहे ते बघतोय.’’

‘‘त्यात काय बघायचंय? चिखल आहे नुसता. सासरे सांगायचे, इथं पूर्वी भरतीचं पाणी यायचं.’’

सासऱ्यांचं म्हणणं साडेतीन मीटरवर खरं ठरलं. तिथपर्यंत भराव होता: विटांचे तुकडे, मुरूम, कोळशाची राख. त्याच्याखाली नळी गेली आणि वर आली तेव्हा तिच्यात काळाशार गाळ होता, लोण्यासारखा मऊ, खाडीच्या वासाचा, मध्येच दोन शिंपले. अंगठा टेकवला तर पहिल्या पेरापर्यंत आत गेला. तो नमुना वर्तमानपत्रावर ठेवला होता, तेवढ्यात आजी खाली आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘ह्याच्यावर आम्ही पन्नास वर्षं राहतोय?’’ आणि लगेच, ‘‘मग भूकंप आला तर रे?’’

जिन्यात उभं राहून त्यांना नीट उत्तर देता आलं नाही. ते इथं देतो. भूकंप झाल्यावर इमारतीच्या भेगा सगळेच बघतात. शहराखालची जमीन कोण बघतं, कशी मोजतं, आणि त्या मोजणीची तयारी कधी करायची असते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

भूकंप लांब असतो, गाळ पायाखाली असतो

‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो’ हे मुंबईत नेहमी ऐकू येतं. भूकंपाला टिकणाऱ्या बांधकामाचं भारतीय मानक म्हणजे आयएस १८९३. त्याच्या २०१६ सालच्या आवृत्तीत मुंबई विभाग ३ मध्ये आहे, म्हणजे मध्यम धोक्याचा पट्टा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयना मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर, तरी तो इथं जाणवला. २६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप तर सुमारे ५५० किलोमीटरवरून आला आणि मुंबईत उंच मजल्यांवरची माणसं खाली धावली.

त्याच दिवशी अहमदाबादमध्ये काय झालं ते मुंबईकरांनी समजून घ्यायला हवं. केंद्रापासून अहमदाबाद सुमारे २५० किलोमीटर लांब. तरी तिथं अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि शेकडो माणसं गेली. खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर घरं, अशा बांधणीचा त्यात मोठा हात होता. दुसरा हात जमिनीचा. अहमदाबाद साबरमतीने आणून टाकलेल्या गाळावर वसलेलं आहे, आणि पडलेल्या इमारतींपैकी बऱ्याच नदीच्या जुन्या पात्राच्या आसपास होत्या. नदी सरकून गेली, शहर विसरलं, जमीन विसरली नव्हती.

याहून ठसठशीत उदाहरण मेक्सिको सिटीचं. १९ सप्टेंबर १९८५ च्या भूकंपाचं केंद्र तिथून ३५० किलोमीटरहून जास्त लांब, समुद्रकिनाऱ्याजवळ. मेक्सिको सिटीचा बराच भाग एका जुन्या तळ्यावर वसलेला आहे. त्या दिवशी शहरातल्याच खडकाळ भागातल्या यंत्राने जेवढा जोर नोंदवला, त्याच्या सुमारे पाचपट जोर तळ्याच्या गाळावरच्या यंत्राने नोंदवला. शहर तेच, भूकंप तोच, अंतर जवळपास तेवढंच.

असं का होतं? खरवसाची वडी ताटात ठेवा आणि ताट हलकेच हलवा. ताट बोटभर सरकतं, वडीचा वरचा भाग त्याहून जास्त डुलतो, आणि ताट थांबलं तरी ती डुलतच राहते. ताट म्हणजे खालचा कातळ, खरवस म्हणजे गाळ, आणि वर ठेवलेला बदामाचा काप म्हणजे आपलं घर. वडी पातळ कापली तर ती भरभर थरथरते, जाड असेल तर सावकाश झुलते. प्रत्येक वडीची झुलण्याची स्वतःची एक लय असते.

गाळाच्या थराचीही असते, आणि ती काढायचं गणित आश्चर्य वाटावं इतकं साधं आहे. थराची जाडी घ्या, तिला चारने गुणा, आणि आडवी कंपनं त्या थरातून ज्या गतीने जातात त्या गतीने भागा. आजींच्या इमारतीखाली भराव आणि गाळ मिळून साधारण १२ मीटर. अशा मऊ मातीत ही गती सेकंदाला १२० मीटर धरली तर ४ गुणिले १२ भागिले १२०, म्हणजे ०.४ सेकंद. त्या जमिनीचा एक झोका ०.४ सेकंदाचा.

आता इमारतीचा झोका. ढोबळ हिशेब असा की मजल्यांची संख्या भागिले दहा. चार मजली इमारत, ०.४ सेकंद. जमिनीचा झोका आणि घराचा झोका एकच. झोपाळ्यावरच्या मुलाला त्याच्या लयीत धक्का देत राहिलं तर प्रत्येक धक्क्याने झोपाळा उंच जातो, अगदी तसं इथं होऊ शकतं. मेक्सिको सिटीत तळ्याच्या गाळाचा झोका बऱ्याच ठिकाणी दोन सेकंदांच्या आसपास होता, म्हणून सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना सर्वांत जबर मार बसला. त्याहून बुटक्या इमारती तुलनेने वाचल्या.

हे ढोबळ गणित आहे, हे पुन्हा सांगतो. भिंती घट्ट असतील तर घराचा झोका छोटा होतो. हादऱ्यात तडे जायला लागले की घर सैल पडतं आणि झोका लांबतो. मेक्सिकोत वीसपेक्षा कमी मजल्यांच्या इमारती दोन सेकंदांच्या झोक्याला सापडल्या त्या अशाच. गाळही जोराच्या हादऱ्यात तात्पुरता मऊ पडतो. तरी एवढ्यावरून हे कळतं की ‘आमची इमारत मजबूत आहे का’ हा प्रश्न अर्धा आहे. कुठल्या जमिनीवर, हे त्याला जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही.

डोंगरी आणि उमरखाडी

मुंबईची जमीन एकसारखी नाही आणि हे सांगायला बोअर मारायचीही गरज नाही, नावं वाचली तरी पुरे. डोंगरी आणि उमरखाडी एकमेकींना लागून आहेत. एक टेकडी, एक खाडी. थोडं पुढे पायधुणी, जिथं पाणी ओलांडून आल्यावर पाय धुवायचे. खार, खारदांडा ही खाऱ्या जमिनीची नावं. सात बेटं होती हे आपण शाळेत पाठ करतो, पण मधला समुद्र गेला कुठे, हे विचारत नाही. तो गेला नाही, त्याच्यावर भराव पडला. अठराव्या शतकात वरळीकडची खिंड हॉर्नबी वेलार्ड या बांधाने बंद झाली आणि आतला मोठा पाणथळ भाग हळूहळू वस्तीचा झाला. कामाठीपुरा त्याच जमिनीवर. नंतर बॅकबे, नंतर नरिमन पॉइंट, मिठीकाठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल, अलीकडे कोस्टल रोडचा भराव.

या सगळ्याच्या खाली ज्वालामुखीचा खडक आहे: काळा पाषाण, तुकडे जमून झालेला ब्रेशिया, कुठे राखेपासून झालेला पिवळसर टफ. अंधेरीला गिलबर्ट हिलचे उभे खांब दिसतात तो त्यातलाच. मलबार हिलवर हा खडक पायाखालीच लागतो. पण दोन टेकड्यांच्या मधल्या जागी, जुन्या खाडीच्या तोंडाशी, तो खाली दडी मारून बसलेला असतो आणि वर आधी त्याचीच झीज होऊन झालेला मुरूम, मग समुद्राचा गाळ, मग माणसाने टाकलेला भराव. एकाच गल्लीच्या एका टोकाला चार मीटरवर कातळ आणि दुसऱ्या टोकाला पंधरावर, असं मी स्वतः पाहिलंय. म्हणून ‘मुंबई खडकावर आहे’ हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. मुंबई खडकावर आहे, पण तुमचं घर?

हादरा थांबल्यावर

आता समजा, एक जोराचा हादरा बसला आणि थांबला. माणसं वाचवणं पहिलं. त्याच्या पाठोपाठ, काही तासांतच, जमीन बघणारी माणसं रस्त्यावर यायला लागतात, आणि घाई त्यांनाही असते. कारण जमिनीने दिलेल्या काही खुणा एक-दोन दिवसांतच पुसल्या जातात.

सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे वाळूचे बुडबुडे. जमिनीला भोक पडून आतून पाणी आणि वाळू उसळते, आणि मागे छोटा शंकू राहतो, मध्ये खळगा असलेला. अशी जागा दिसली की समजायचं, खालची जमीन पातळ झाली होती. इंजिनिअर याला लिक्विफॅक्शन म्हणतात. जुहूला किंवा गिरगाव चौपाटीला, लाट नुकतीच मागे गेलेल्या ओल्या वाळूवर उभे राहा आणि एकाच जागी पाय भराभर आपटा. घट्ट वाटणारी वाळू दहा-बारा आपटण्यांत थुलथुलीत होते, वर पाणी चमकतं आणि पाय रुततो. वाळूचे कण एकमेकांना टेकून भार पेलत असतात. हादऱ्याने ते आवळले जाऊ पाहतात, मधल्या पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, पाण्यावरचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. थोडा वेळ ती जमीन जमीनच राहत नाही. १९३४ च्या बिहारच्या भूकंपात मैलोन्‌मैल पट्ट्यात असं झालं. १९६४ मध्ये जपानच्या नीगाता शहरात अख्ख्या चाळीसारख्या इमारती, फारसा तडा न जाता, आडव्या कलल्या.

इथं एक गफलत नेहमी होते. आजींच्या खालचा चिकट काळा गाळ असा पातळ होत नाही, त्याचा धोका कंपनं वाढवण्याचा. पातळ होते ती सुटी वाळू किंवा बारीक रेताड माती, आणि तीही पाण्यात बुडलेली असेल तर. मुंबईच्या भरावात मुरूम, राडारोडा, वाळू सगळं मिसळलेलं आहे, त्यामुळे जागोजागी बघूनच सांगावं लागतं. पावसाळ्यात भरावातलं पाणी जमिनीच्या अगदी जवळ येतं. म्हणजे एकाच जागेची जुलैतली तब्येत आणि मेमधली तब्येत वेगळी. मोजणीच्या कागदावर पाण्याची पातळी आणि तारीख लिहायची राहिली तर ती मोजणी अर्धी वाया जाते, हे मी नव्या मुलांना ओरडून सांगत असतो.

तर पहिले दोन दिवस डोळ्यांचे आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याचे. वाळू उसळली तर झाडून टाकण्याआधी फोटो, शेजारी पट्टी किंवा निदान चप्पल ठेवून, म्हणजे आकार कळतो. मूठभर वाळू पिशवीत. रस्त्याला पडलेली भेग किती रुंद, कुठल्या दिशेला उघडली, नाल्याकडे का? नाल्याच्या, खाडीच्या काठाची जमीन पाण्याकडे सरकते, त्यामुळे भेगा काठाला समांतर पडतात. इमारत पायलिंगवर, म्हणजे खोल कडक थरापर्यंत नेलेल्या खांबांवर असेल तर ती जागेवर राहते आणि भोवतालचं आवार खचतं. मग जिन्याची पहिली पायरी अचानक उंच होते, आणि गॅसची, पाण्याची पाइप भिंतीत शिरते नेमकी तिथंच तुटते. वर घरात एकही तडा नसतो आणि खाली गॅसचा वास येत असतो. ही पायरी मोजून ठेवणं म्हणजे जमीन किती खचली याचं आयतं माप.

मग आकाशातून. रडारचे उपग्रह त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातात आणि आधीच्या फेरीची नोंद नंतरच्या फेरीशी ताडून जमीन किती सेंटिमीटर वरखाली झाली ते दाखवतात. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. तो दर १२ दिवसांनी त्याच जागी परत येतो. ‘ताडून’ या शब्दावर जरा थांबा, कारण आधीची फेरी नसेल तर ताडायचं कशाशी?

जमिनीला बोलतं करायचे तीन मार्ग

यानंतर खरं काम सुरू होतं. मोठ्या भूकंपानंतर आठवडेच्या आठवडे छोटे हादरे येत राहतात. लोकांना ते नकोसे असतात, आम्हाला ते हवे असतात. एक यंत्र कातळावर ठेवायचं, समजा मलबार हिलला, आणि दुसरं गाळावर, समजा वडाळ्याला. तोच छोटा हादरा दोन्हीकडे नोंदवला गेला की गाळाने तो किती पट वाढवला आणि कुठल्या लयीत, ते सरळ भागाकाराने मिळतं.

पण हादऱ्याची वाट न बघताही हे कळू शकतं, आणि या कामातली हीच गोष्ट मला सर्वांत सुंदर वाटते. जमीन कधीच पूर्ण स्थिर नसते. लोकल जाते, डंपर जातो, कुठेतरी पायलिंग चालू असतं. आणि या सगळ्याच्या खाली समुद्र असतो. लाटा किनाऱ्यावर आणि एकमेकींवर आदळत राहतात, त्याची काही सेकंदांच्या झोक्याची मंद थरथर अख्ख्या शहराखालून सतत जात असते. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की ती वाढते. आपल्याला जाणवत नाही, यंत्राला जाणवते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगभरच्या यंत्रांमध्ये माणसांच्या वर्दळीची थरथर एकदम खाली गेली होती. पृथ्वीवर माणसांचा आवाज किती असतो ते तेव्हा कळलं.

जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेतले युताका नाकामुरा यांनी १९८९ मध्ये ही थरथर वापरायची सोपी पद्धत पुढे आणली. नारळाएवढं एक यंत्र जमिनीवर ठेवायचं. ते आडवी थरथर आणि उभी थरथर वेगवेगळी नोंदवतं. मऊ थर आडवी थरथर वाढवतो, उभी तितकीशी वाढवत नाही. म्हणून आडवीला उभीने भागलं की ज्या झोक्याला तो थर सर्वांत जास्त डोलतो तिथं आलेखात टोक दिसतं. आजींच्या आवारात ते टोक ०.४ सेकंदाच्या जवळ यायला हवं. कातळावर असं ठळक टोक येतच नाही. मुंबईत हे काम शेवटची लोकल गेल्यानंतर आणि पहिली सुटण्याआधी करावं लागतं. रात्री दोन वाजता एखाद्या शाळेच्या मैदानात यंत्राशेजारी वीस-तीस मिनिटं हालचाल न करता बसायचं. पाय हलवला तरी नोंदीत दिसतो. कुत्री येऊन हुंगून जातात. त्या शांततेत आपण समुद्राचीच नाडी मोजतोय, हे मनात आलं की थंडीतही बरं वाटतं.

दुसरा मार्ग दिवसाचा आणि आवाजाचा. कंपनं टिपणारे २४ छोटे ग्राही एका सरळ रेषेत जमिनीत रोवायचे, टोकाला लोखंडी पाटा, त्यावर मोठ्या घणाचा घाव. घावाची कंपनं पृष्ठभागावरून पसरतात. छोट्या लाटा वरच्या थरातूनच जातात, लांब लाटा खोलपर्यंत पोचतात, म्हणून त्यांच्या गती वेगळ्या येतात आणि त्यावरून कुठल्या खोलीवर माती किती कडक ते काढता येतं. वरच्या ३० मीटरची सरासरी गती हा जगभर वापरला जाणारा आकडा आहे. अमेरिकेतल्या एका जुन्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या वर्गवारीत सेकंदाला ७६० मीटरच्या वर म्हणजे खडक आणि १८० च्या खाली म्हणजे मऊ जमीन. अडचण एवढीच की मुंबईत पन्नास मीटरची सरळ मोकळी जागा मागणं म्हणजे देवाकडे मागणं.

आणि तिसरा मार्ग आपला जुना, ठण्ण वाजणारा. ६३.५ किलोचं वजन ७५ सेंटिमीटरवरून पाडायचं आणि जाड नळी ४५ सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. पहिले १५ सेंटिमीटर हिशेबात धरायचे नाहीत, पुढच्या ३० च्या ठोक्यांना एन व्हॅल्यू म्हणतात. दहाच्या खाली मऊ जमीन, तीसच्या वर कडक. आजींच्या गाळात ती दोन-तीन होती. काही वेळा तर रॉडच्या वजनानेच नळी खाली उतरत होती. मुरमात पोचल्यावर तीसच्या वर गेली आणि मग नळी हटेचना, तेव्हा हिऱ्याचा बिट लावून कोअर, म्हणजे खडकाचा गोल दांडा, काढायला घेतला.

याचा एक चुलत भाऊ आहे, शंकू. टोकाशी शंकू असलेला दांडा सेकंदाला २ सेंटिमीटर या ठरल्या वेगाने मातीत दाबत न्यायचा. टोकाला किती विरोध होतो, बाजूला किती घर्षण, पाण्याचा दाब किती, हे तो सतत सांगत जातो. ठोक्यांनी दीड-दीड मीटरवर एक आकडा मिळतो, शंकूने बोट-बोटभराचा. हातभर जाडीचा वाळूचा पट्टा ठोक्यांच्या मधे निसटून जाईल, शंकूतून सुटत नाही. आपल्या गाळात तो सुरीसारखा जातो, पण वरच्या भरावात दगड लागला की अडतो. म्हणून आधी भरावातून भोक पाडून घ्यावं लागतं.

न्यूझीलंडने काय केलं

२२ फेब्रुवारी २०११ ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये भूकंप झाला, १८५ माणसं गेली. शहराच्या पूर्वेच्या वस्त्यांमध्ये जमीन पातळ झाली आणि रस्त्यांवर, अंगणांत राखाडी, बारीक रेताड गाळ गुडघ्यापर्यंत आला. माणसं फावड्यांनी तो लाखो टन उपसत होती. त्यानंतर त्यांनी शहराखालची जमीन मोजायला घेतली, आणि अशी मोजली की तसं उदाहरण दुसरं सांगता येत नाही. हजारो ठिकाणी शंकू, हजारो बोअर, विमानातून लेसरने जमिनीची उंची. सुमारे ८,००० घरांची जमीन पुन्हा घरं बांधायला योग्य नाही असं ठरलं आणि त्या वस्त्या उठल्या.

तिथून दोन गोष्टी आपल्याला घ्यायच्या आहेत. पहिली, ‘एकदा पातळ होऊन बसली की जमीन घट्ट होते’ ही समजूत तिथं खोटी ठरली. सप्टेंबर २०१० पासून डिसेंबर २०११ पर्यंतच्या हादऱ्यांमध्ये काही वस्त्यांत तीच जमीन पुन्हा पुन्हा पातळ झाली. दुसरी, एव्हन नदीकाठची जमीन खचली आणि पूर्वी जिथं पाणी येत नसे तिथं पूर येऊ लागला. मुंबईत साडेचार मीटरच्या वरची भरती असली की बातमी होते, आणि तेव्हा नेमका पाऊस असला तर हिंदमाता, सायन, कुर्ल्याला काय होतं ते सांगायला नको. तिथं एक वीतभर जमीन खचली तर? तो भूकंप त्या दिवशी संपणार नाही, पुढच्या प्रत्येक पावसाळ्यात येत राहील.

पण मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची तिसरी गोष्ट. खाजगी असो, सरकारी असो, प्रत्येक बोअरची, प्रत्येक शंकूची नोंद एकाच ठिकाणी जमा केली आणि इंजिनिअरांना खुली केली. शेजारच्या प्लॉटवर काय निघालं ते बघून पुढचा माणूस काम करू लागला.

आपल्याकडे? मुंबईत बोअर कमी मारले जात नाहीत. उलट, जगातल्या फार कमी शहरांच्या पोटात इतकी भोकं असतील. रीडेव्हलपमेंटची प्रत्येक इमारत, प्रत्येक उड्डाणपूल, मेट्रोचा प्रत्येक खांब. कुलाब्याहून सीप्झला जाणारी मेट्रो ३ तर साडेतेहतीस किलोमीटर, जवळजवळ सगळी जमिनीखालून, मिठी नदीच्याही खालून जाते. त्या सगळ्या वाटेवरची जमीन आधी तपासलेली आहे. पण यातले बहुतेक कागद ज्याच्या त्याच्या फायलीत. काम झालं की सॉइल रिपोर्ट कपाटात, ऑफिस बदललं की रद्दीत. माझ्याच हातून गेलेल्या, आता पाडून टॉवर झालेल्या इमारतींचे रिपोर्ट मागितले तर मिळत नाहीत. भूकंपानंतर आम्ही जी एन व्हॅल्यू काढू, ती आधी किती होती हे कळल्याशिवाय तिचा अर्थ लागायचा कसा? ताप मोजायचा तर बरं असतानाचं अंग किती गरम होतं ते माहीत हवं. हे मला तळमळीने सांगावंसं वाटतं, कारण या एका कामाला नवं यंत्र लागत नाही, फक्त कागद जमवायला लागतात.

सोसायटीचं स्ट्रक्चरल ऑडिट आपण करून घेतो. त्याच बैठकीत सेक्रेटरींना विचारा, आपला सॉइल रिपोर्ट आहे का? असेल तर त्यातलं बोअर लॉगचं पान उघडा. डावीकडे खोली, मीटरमध्ये. मध्ये थराचं वर्णन. उजवीकडे एन व्हॅल्यू. पाण्याची पातळी कुठे लिहिली आहे ते बघा आणि बोअर कुठल्या महिन्यात मारला तेही. भराव किती, गाळ किती, कातळ कुठे, एवढं वाचता आलं तरी पुष्कळ. मग चारचं ते गणित कागदाच्या कोपऱ्यात करून बघता येईल.

वडाळ्याचं काम संपलं त्या दिवशी मी आजींना त्यांच्या बोअर लॉगची झेरॉक्स दिली. ० ते ३.५ भराव, ३.५ ते ११.५ गाळ, ११.५ ते १४ मुरूम, खाली ब्रेशिया. पाणी १.२ मीटरवर. त्यांनी चष्मा लावून पान वरपासून खालपर्यंत वाचलं, ‘गाळ’ या शब्दावर बोट ठेवलं आणि सासऱ्यांची आठवण काढली.

‘‘पण इमारत तर पाडणार आता. मग ह्याचा काय उपयोग?’’

‘‘इमारत जाईल आजी. गाळ तिथंच राहणार.’’

त्या आत गेल्या. शेअर सर्टिफिकेट, लाइटची बिलं, रेशनकार्ड ठेवायची प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या, आणि सगळ्यात वर तो कागद ठेवला.

‘‘भूकंप झाल्यावर तुम्ही परत आलात की हाच दाखवायचा ना?’’

‘‘हो. हाच.’’